रोज व्हिटॅमिनची गोळी खरंच लागते का? कुणाला, आणि कोणती?

गवतीचहा

करोनानंतर घराघरांत गोळ्यांचा एक नवा डबा आला आहे. सकाळच्या चहानंतर मल्टिव्हिटॅमिन, रविवारी 'डी'चं सॅशे, केस गळतात म्हणून बायोटिन, गुडघे दुखतात म्हणून कॅल्शियम, आणि मुलांसाठी गोड गमी. यातलं डॉक्टरांनी लिहून दिलेलं थोडंच असतं. बाकीचं शेजारणीने, जिममधल्या ट्रेनरने किंवा मोबाइलवरच्या जाहिरातीने सुचवलेलं.

या विषयावर बरंच वाचल्यावर माझं मत असं झालं आहे: धडधाकट माणसाने सरसकट रोज मल्टिव्हिटॅमिन घ्यावं, याला भक्कम आधार नाही. पण 'गोळ्या म्हणजे नुसती लूट' हेही मला मान्य नाही. आपल्याकडे ठरावीक माणसांना ठरावीक गोळ्या नक्की लागतात, आणि नेमकी तीच माणसं बरेचदा त्या घेत नाहीत. धागा काढायचं कारण हे.

आधी मल्टिव्हिटॅमिनचं बघू. अमेरिकेत १४,६४१ पुरुष डॉक्टरांवर एक मोठी चाचणी झाली. निम्म्यांना रोज खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण आत काही नसलेली. कोण काय घेतंय हे त्यांना स्वतःला माहीत नव्हतं. अकरा वर्षांच्या आसपास हे चाललं आणि २०१२ मध्ये निकाल आले. हार्ट अटॅक, पक्षाघात, त्यातून होणारे मृत्यू यांत काडीचा फरक नाही. कर्करोगाचं एकूण प्रमाण ८ टक्क्यांनी कमी दिसलं, हेही सांगायला हवं. फायदा आहे, पण लहान. पुढे २०२४ मध्ये तिथल्याच ३,९०,१२४ निरोगी प्रौढांची वीसहून अधिक वर्षांची माहिती तपासली गेली. रोज मल्टिव्हिटॅमिन घेणारे जास्त जगतात असं त्यात दिसलं नाही.

'फायदा नसेल तर नसू दे, तोटा काय आहे?' असं म्हणणाऱ्यांनी बीटा-कॅरोटिनची हकिगत वाचावी. गाजर, पपई, पालेभाज्या भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळायचा. मग शास्त्रज्ञांना वाटलं, त्यातलं बीटा-कॅरोटिन वेगळं काढून गोळीत घालून दिलं तर? फिनलंडमध्ये २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर हा प्रयोग झाला. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा ती गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेत सिगारेट ओढणारे आणि अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेले कामगार यांच्यावर अशीच चाचणी चालू होती, गोळीत सोबत 'ए' व्हिटॅमिनही होतं. तिथे वाढ २८ टक्के, आणि चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. 'ई' व्हिटॅमिनच्या मोठ्या डोसचंही तेच: २०११ मध्ये कळलं की ते घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी वाढला होता. गाजर खाणं वेगळं आणि गाजरातला एकच घटक भरमसाट घेणं वेगळं. गाजर खाणाऱ्या माणसाचं बाकीचं ताटही वेगळं असतं, हे तेव्हा लक्षात घेतलं गेलं नाही.

पण या सगळ्या चाचण्या पोटभर मांस-मासे-अंडी-दूध खाणाऱ्या देशांतल्या. तिथलं उत्तर आपल्याला जसंच्या तसं लावून चालणार नाही. पुण्यात केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे आजारी लोक नव्हते. त्यातल्या ६७ टक्के लोकांचं बी-१२ हे व्हिटॅमिन कमी होतं. आणि सगळ्यात वाईट स्थिती गावातल्या शेतकऱ्याची किंवा झोपडपट्टीतल्या माणसाची नव्हती. शहरी मध्यमवर्गातल्या ८१ टक्के पुरुषांत ते कमी निघालं. म्हणजे या धाग्यावर लिहिणारे-वाचणारे आपण.

म्हणून 'सप्लिमेंट घ्यावं का' या प्रश्नाला मला अर्थ वाटत नाही. कुणी, कोणतं, किती आणि कधीपर्यंत, असं विचारलं तरच उत्तर मिळतं. तुमचे अनुभव, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं, सगळं लिहा.

पिंपळपान

छान धागा. माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मी मल्टिव्हिटॅमिन सुरू केल्यापासून संध्याकाळचा थकवा कमी झाला. लघवीचा रंगही गडद पिवळा होतो, म्हणजे अंगात काहीतरी जातंय ना?

गवतीचहा

पिंपळपान, तो पिवळा रंग बी-२ म्हणजे रायबोफ्लेविनचा. शरीराला लागतं तेवढं घेतलं जातं आणि उरलेलं लघवीवाटे निघून जातं. त्यामुळे रंग दिसतो तो अंगात राहिलेल्याचा नाही, बाहेर पडलेल्याचा. थकव्याबद्दल मात्र मी असं म्हणणार नाही की तुम्हाला नुसता भास झाला. तुमच्यात खरंच बी-१२ किंवा लोह कमी असेल आणि गोळीतून थोडं मिळालं असेल, तर फरक पडू शकतो. पण तसं असेल तर मल्टिव्हिटॅमिनमधला चिमूटभर डोस पुरणार नाही. एकदा हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या.

डॉ. निरगुडी

मी जनरल प्रॅक्टिस करते, छोट्या शहरात. बी-१२ बद्दल सविस्तर लिहिते, कारण रोज दोन-तीन पेशंट तरी याचे असतात आणि गैरसमज खूप आहेत.

बी-१२ कोणतीही वनस्पती बनवत नाही, प्राणीही बनवत नाहीत. ते फक्त जिवाणू बनवतात. गाई-म्हशींच्या पोटातले जिवाणू ते तयार करतात, तिथून ते दुधात आणि मांसात येतं. मासे, सुकट, अंडी, मटण, विशेषतः कलेजी, आणि दूध-दही हे त्याचे खरे स्रोत. स्पिरुलिनातलं बी-१२ बहुतांशी नकली रूपाचं असतं, शरीराला ते वापरता येत नाही. इडली-डोशाचं पीठ आंबवून भरवशाचं बी-१२ मिळतं हाही समज सोडून द्या.

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतं. शाकाहारी माणूस रोज दोन-तीन पेले दूध किंवा तेवढं दही-ताक घेत असेल तर त्याचं बऱ्यापैकी भागतं. पुण्यात तरुण शाकाहारी मुलांना रोज दूध देऊन केलेल्या चाचणीत त्यांची बी-१२ची पातळी सुधारलेली दिसली. पण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायकांच्या पोटात दिवसभरात जाणारं दूध म्हणजे दोन कप चहातलं. मुलांना पेला भरून देतात, नवऱ्याला वाटी भरून दही, आणि स्वतःला उरलेल्या ताकात पाणी घालून. मी प्रत्येकीला विचारते, 'दूध पिता का?' उत्तर येतं, 'हो, घरात दोन लिटर येतं ना.'

आता गोळीत ५०० किंवा १५०० मायक्रोग्रॅम असं का लिहिलेलं असतं? जठरातून स्रवणारं एक प्रथिन बी-१२ला धरून आतड्यापर्यंत नेतं, आणि या वाटेने एका वेळी जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅमच आत जातं. त्यापलीकडचं नुसतं झिरपून जातं, साधारण एक टक्का. म्हणजे ५०० च्या गोळीतून पाच-सात मायक्रोग्रॅम मिळालं. एवढा मोठा आकडा बघून घाबरू नका. ज्यांच्या जठरात ते प्रथिनच बनत नाही त्यांनाही या झिरपण्याच्या वाटेने मोठ्या डोसची गोळी उपयोगी पडते; कमतरता फार असेल किंवा नसांवर परिणाम झाला असेल तर आम्ही सुरुवातीला इंजेक्शनं देतो.

लक्षणं: हातापायांना मुंग्या, तळपायाची आग, जीभ लाल आणि गुळगुळीत होणं, विसरभोळेपणा, चिडचिड, चालताना तोल जाणं. यकृतात साठा असतो, त्यामुळे आहार बदलल्यावर कमतरता दिसायला काही वर्षं जातात. म्हणूनच लोकांना दोन गोष्टींचा संबंध लागत नाही.

आणि दोन औषधं लक्षात ठेवा. मधुमेहाची मेटफॉर्मिन, आणि अ‍ॅसिडिटीच्या पँटोप्रॅझोल-ओमेप्रॅझोल या गोळ्या. दोन्हींमुळे बी-१२ कमी शोषलं जातं. वर्षानुवर्षं या गोळ्या घेणाऱ्या शाकाहारी माणसाचं बी-१२ तपासलंच पाहिजे. मधुमेहामुळे नसा बिघडल्या असं धरून बसतात, आणि त्यातला बी-१२चा वाटा राहून जातो.

अजून एक. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर रक्ताचं चित्र सुधारतं, पण बी-१२ अभावी नसांचं नुकसान आतून चालूच राहतं. याज्ञिक सरांच्या पुण्याजवळच्या गावांतल्या अभ्यासात असंही दिसलं होतं की गरोदरपणी ज्यांचं फोलेट (म्हणजे हेच फॉलिक अ‍ॅसिड) जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त होती. गोळ्यांत समतोल लागतो तो असा.

साधी_भाकरी

सगळं पटलं, तरी एक विचारतो. आमच्या आज्या-पणज्या कुठे गोळ्या घेत होत्या? ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा, ताक यावर ऐंशी वर्षं जगल्या. जमिनीत कस राहिला नाही आणि आपण घरचं खाणं सोडलं, त्यावर गोळी हा उपाय कसा?

गिरणगावकर

साधी_भाकरी, घरच्या खाण्याचा मुद्दा मान्य. पण 'आज्यांना काही कमी पडत नव्हतं' हे मला मान्य नाही. ज्या जगल्या त्यांच्याबद्दल आपण बोलतो. बाळंतपणात गेल्या त्यांची कुणी आठवणही काढत नाही.

माझं बालपण परळला गेलं. तिथल्या हाफकिन संस्थेत १९२८ च्या सुमारास ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर आली होती. मुंबईतल्या गरीब गरोदर बायकांना, त्यात कापडगिरण्यांत काम करणाऱ्या पुष्कळ, एक भयंकर पांडुरोग व्हायचा. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या. अनेक बायका त्यात दगावत. विल्सबाईंनी त्यांची बाळंतपणं, संडास-लघवी, जंत, आणि मुख्य म्हणजे रोजचं खाणं, सगळं तपासलं. जंतुसंसर्ग नाही हे दिसलं. ज्यांच्या ताटात भाज्या-फळं नव्हती त्यांना हा आजार जास्त होता. शेवटी त्यांनी यीस्टचा अर्क म्हणजे मार्माइट देऊन पाहिलं. तो स्वस्तात मिळायचा. बायका झपाट्याने बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे छापलं. त्या अर्कात नेमकं काय होतं ते तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. 'विल्स फॅक्टर' एवढंच नाव पडलं.

तेच पुढे फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखलं गेलं. १९४० च्या दशकात ते प्रयोगशाळेत तयार करण्याचं काम अमेरिकेत झालं, तेही आंध्रातून गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली. आणि १९९१ मध्ये ब्रिटनमधून निघालेल्या चाचणीने दाखवलं की ज्यांना आधी पाठीच्या कण्याचा दोष असलेलं मूल झालं होतं, त्यांनी गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर तोच दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत मिटते. तोपर्यंत बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून ही गोळी मूल हवं असं ठरवलं की लगेच, आधीपासून घ्यायची. ही एक गोळी अशी आहे की तिच्या बाबतीत 'आधी आहार सुधारू, मग बघू' असं म्हणायला वेळ नसतो.

एवढी मोठी गोष्ट आपल्या परळमध्ये सुरू झाली, आणि मुंबईत ती फारशी कुणाला माहीत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

गवतीचहा

गिरणगावकर, हे वाचून अंगावर काटा आला. धन्यवाद.

साधी_भाकरी, त्यात एक भर घालते. आपण सगळे रोज एक सप्लिमेंट घेतोच, मिठातून. आयोडीन. कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी पन्नासच्या दशकात काही भागाला आयोडीनयुक्त मीठ आणि काही भागाला साधं मीठ देऊन दाखवलं की गलगंड आयोडीननेच कमी होतो. १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तिथल्या लोकांचं खाणं घरचंच होतं, शुद्ध होतं, पण डोंगरातल्या मातीतच आयोडीन नव्हतं. चांगलं खाणं आणि पुरेसं पोषण या दर वेळी एकच गोष्टी असतात असं नाही.

रानमेवा

मी नंदुरबार जिल्ह्यात शाळेवर आहे. इथून लिहायला उशीर होतो, पण लिहितेच.

शहरात गोळी जास्त होण्याची चर्चा, आमच्याकडे गोळी पोटात जाण्याचीच मारामार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांत रक्त कमी निघालं. आधीच्या फेरीत ४८ होतं, म्हणजे वाढलं. शाळेतल्या मुलींना आठवड्याला एक निळी लोहाची गोळी द्यायची असते. ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. गरोदर बाईला लाल गोळी, रोज, सहा महिने. योजना चांगली आहे, मी तिच्या बाजूनेच बोलते. अडचण कुठे येते ते सांगते.

मुली सकाळी उपाशी शाळेत येतात. उपाशीपोटी गोळी दिली की मळमळ होते, एक जण ओकली की सगळा वर्ग घाबरतो. म्हणून आम्ही दुपारच्या खिचडीनंतरच देतो. शी काळी होते, तेव्हा आया विचारायला येतात. ते लोहामुळे होतं, काळजी नको, हे आधीच सांगून ठेवलं की गोळ्या फेकल्या जात नाहीत. गोळीनंतर लगेच चहा नको, कारण चहाने लोह अडतं. लिंबू, आवळा, पेरू, चिंच असं आंबट काही सोबत असलं तर चांगलं. आणि जंताची गोळी वेळच्या वेळी. जंत पोटात असतील तर लोह देऊन काय उपयोग?

मुलींना मी ताटातलंही सांगते. नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला, हरभऱ्याचा पाला, सुकट. पण ज्या मुलीचं हिमोग्लोबिन सात आहे तिला शेवग्याच्या भाजीवर सोडता येत नाही. तिला गोळी हवी, आणि दवाखान्यातही न्यायला हवं. 'नैसर्गिक खा' हे वाक्य ज्यांच्या घरात फ्रीज भरलेला आहे त्यांनी जपून वापरावं, एवढीच विनंती.

डॉ. निरगुडी

रानमेवाताई, तुमच्या प्रतिसादातलं प्रत्येक वाक्य माझ्या दवाखान्यात लावण्यासारखं आहे. एकच जोडते: लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत. एक दुपारी जेवणानंतर, दुसरी रात्री. गरोदर बायकांना दोन्ही देतात आणि त्या दोन्ही एकदमच गिळून मोकळ्या होतात.

खलबत्ता

मी फार्मासिस्ट, दुकान पेठेत आहे. काउंटरच्या या बाजूने जे दिसतं ते लिहितो.

सर्वांत धोक्याची चूक 'डी' व्हिटॅमिनच्या सॅशेची. ६०,००० युनिटचं असतं ते. डॉक्टर लिहितात आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे. पण पेशंट ते रोज घ्यायला लागतो, किंवा कोर्स संपल्यावर स्वतःच्या मनाने वर्षानुवर्षं चालू ठेवतो. निरोगी माणसाची रोजची गरज ६०० युनिटच्या आसपास आहे, यावरून अंदाज घ्या. 'डी' चरबीत साठतं, जास्तीचं सहज निघून जात नाही. मग रक्तात कॅल्शियम वाढतं, भूक मरते, बद्धकोष्ठता, सतत तहान, वृद्ध माणूस बरळायला लागतो आणि मूत्रपिंड बिघडतं. मी आता प्रत्येक सॅशेवर पेनाने वार लिहून देतो. 'सोमवार' असं लिहिलेलं सॅशे मंगळवारी कुणी घेत नाही.

दुसरं बायोटिन. केसांच्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम असतं, गरजेच्या कितीतरी पट. त्याने केस वाढोत न वाढोत, रक्ताच्या तपासण्या मात्र चुकतात. थायरॉइडचा रिपोर्ट असा येतो की ग्रंथी जोरात चालली आहे असं वाटावं. हार्ट अटॅक ओळखण्याची ट्रोपोनिन तपासणी खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच तसा इशारा दिला होता. रक्त द्यायच्या दोन-तीन दिवस आधी डॉक्टरांना सांगून ते बंद करा. आणि छातीत दुखतंय म्हणून दवाखान्यात गेलात तर बायोटिन घेताय हे आवर्जून सांगा.

थायरॉइडची गोळी सकाळी घेणाऱ्यांनी लोह-कॅल्शियम किमान चार तासांनी घ्यावं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर 'के' असलेलं मल्टिव्हिटॅमिन विचारल्याशिवाय सुरू करू नये.

आणि खरेदी करताना डब्याची मागची बाजू वाचा. सप्लिमेंटवर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक असतो, औषधाचा नव्हे. 'औषधी वापरासाठी नाही' असं छापलेलंही असतं. ज्या घटकापुढे रोजच्या गरजेच्या कित्येक पट टक्के लिहिले आहेत, तो तुम्हाला का हवा आहे हे स्वतःला विचारा.

थेम्सकाठ

'डी'बद्दल परदेशातून थोडं. इथे ब्रिटनमध्ये सरकारी सल्ला असा आहे की शरद आणि हिवाळ्यात प्रत्येकाने रोज १० मायक्रोग्रॅम म्हणजे ४०० युनिट 'डी' घेण्याचा विचार करावा, आणि सावळ्या त्वचेच्या लोकांनी वर्षभर. ऑक्टोबर ते मार्च इथल्या उन्हात त्वचेत 'डी' तयार करणारे किरणच पुरेसे नसतात. त्यामुळे आम्ही घरात सगळेच घेतो, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. प्रश्न भारतातल्यांचा आहे. एवढं ऊन असून तिथे 'डी' कमी कसं?

डॉ. निरगुडी

कारण आपण उन्हात नसतो. सकाळी गाडी, दिवसभर ऑफिस, संध्याकाळी अंधार. काचेतून येणाऱ्या उन्हाचा इथे उपयोग नाही, काच ते किरण अडवते. त्यात धूर, अंगभर कपडे आणि सावळी त्वचा.

आणखी एक गोष्ट लोकांना ऐकून आश्चर्य वाटतं. 'सकाळचं कोवळं ऊन घ्या' असं आपण पिढ्यानुपिढ्या सांगतो. कोवळं ऊन सुखाचं आहे, पण 'डी'साठी त्याचा उपयोग फार थोडा. तिरुपतीला झालेल्या अभ्यासात 'डी' तयार होण्याची चांगली वेळ ११ ते २ निघाली. हात, पाय, पाठ उघडी ठेवून तेव्हा थोडा वेळ पुरतो. अंग भाजेपर्यंत बसायचं नाही. आपल्या कामकाजात हे फार कमी लोकांना जमतं, तेही मला कळतं.

पण 'डी'च्या गोळीकडून अपेक्षा किती ठेवायच्या? अमेरिकेत २५,८७१ जणांवर रोज २००० युनिट 'डी' देऊन मोठी चाचणी झाली. २०१८ मध्ये निकाल आला: कर्करोग किंवा हृदयविकार कमी झाले नाहीत. २०२२ मध्ये हाडं मोडण्याचा हिशेब आला, तोही कमी नाही. ती माणसं मुळात कमतरतेची नव्हती, हे लक्षात ठेवा. ज्याचं खरंच खूप कमी आहे, हाडं दुखतात, जिना चढताना मांड्यांत जोर राहत नाही, त्याला 'डी' दिल्यावर मी माणूस पुन्हा उभा राहिलेला पाहिला आहे. अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या अमेरिकन संस्थेने २०२४ मध्ये सांगितलं की पंचाहत्तरीच्या आतल्या निरोगी प्रौढांनी रोजच्या गरजेपेक्षा जास्त 'डी' घेऊ नये आणि उगाच तपासणीही करू नये. लहान मुलं, गरोदर बायका आणि ७५ च्या पुढचे यांना मात्र द्यावं. माझ्या मते आपल्याकडे बुरखा-पदर, घरकोंबडं आयुष्य आणि पोषणाची स्थिती बघून डॉक्टरांनी थोडा अधिक हात सैल ठेवावा.

तालीमवाला

कोल्हापूर. आमच्या तालमीत पोरं आता थंडाई सोडून डबे आणायला लागली आहेत, पावडरचे. त्याबद्दल कुणी सांगेल का? एका डब्याच्या पैशात दूध, अंडी किती येतील हा हिशोब मी त्यांना सांगतो, पण ऐकत नाहीत.

खलबत्ता

तालीमवालादादा, तुमचा हिशोब बरोबर आहे, तो सोडू नका. २०२४ मध्ये केरळातल्या डॉक्टरांनी भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासून छापल्या. जवळजवळ ७० टक्के डब्यांवर प्रोटीनची माहिती चुकीची होती. काहींत लिहिल्याच्या निम्मंच होतं. त्याच वर्षी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या आहार मार्गदर्शनातही प्रोटीन पावडर टाळायला सांगितलं आहे. पोरांना दूध, अंडी, हरभरे, शेंगदाणे, आणि परवडेल तेव्हा मटण. कुणाला घ्यायचीच असेल तर दुकानदाराच्या तोंडी खात्रीवर घेऊ नका, बॅच तपासल्याचा अहवाल मागा.

कातळशिल्प

गवतीचहाताई, तुमच्या मुद्द्याला थोडा विरोध. माझी आई ऐंशीच्या पुढे आहे. दात नाहीत, चव गेली आहे, दिवसभरात दोन वाट्या मऊ भात आणि पेज. अशा माणसाला एक साधं मल्टिव्हिटॅमिन रोज दिलं तर त्यात चूक काय? आहार सुधारण्याचे सगळे प्रयत्न करून झालेत.

गवतीचहा

काहीच चूक नाही, आणि माझा विरोधही नाही. मी 'धडधाकट माणसाने सरसकट' असं लिहिलं ते यासाठीच. ज्यांचं खाणंच उरलेलं नाही, ज्यांच्या आतड्याची शस्त्रक्रिया झाली आहे, वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं आहे, दारूमुळे यकृत बिघडलं आहे, अशांना गोळीची गरज असते. साठीच्या पुढच्या लोकांत रोजच्या मल्टिव्हिटॅमिनने स्मरणशक्तीत थोडा फायदा दिसल्याचे निकालही अलीकडे अमेरिकेतून आले आहेत. आईंच्या पेजेत दूध, तुपावर परतलेलं मऊ अंडं किंवा काटे काढलेला बांगडा चालत असेल तर तेही द्या. त्यांना गोळी गिळायला त्रास होत असेल तर पातळ औषध मिळतं.

पिंपळपान

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं विचारते. सासूबाईंना मधुमेह आहे, मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू आहे, सोबत रोज सकाळी पँटोप्रॅझोल. आम्ही शाकाहारी. त्यांना तळपायाला मुंग्या येतात. घरी मल्टिव्हिटॅमिन पडलंय, ते आजपासून सुरू करू का?

डॉ. निरगुडी

पिंपळपान, आज सुरू करू नका. आधी रक्त द्या: बी-१२, हिमोग्लोबिनसह पूर्ण रक्ततपासणी, साखरेची तीन महिन्यांची सरासरी, थायरॉइड आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन. गोळी सुरू करून मग रक्त दिलं तर बी-१२ चा आकडा वर दिसतो आणि निदान हुकतं. रक्त दिल्यावर रिपोर्टची वाट बघत महिना घालवायचा नाही, त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, आयुर्वेदिक चूर्णासकट. आणि सासूबाई अंधारात चालताना अडखळतात का, डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो का, हे त्यांना आजच विचारा. उत्तर 'हो' असेल तर रिपोर्टसाठीही थांबू नका. रक्त देऊन त्याच दिवशी दाखवा.